कूस बदलताना

“उठून बस, मंग वळ. लोळून नको फिरू, बाई. लोळून फिरली की नाळ लेकराच्या गळ्याले येढा घालते. आंधी उठायचं, बसायचं, देवाचं नाव घ्यायचं, मंगच दुसऱ्या कुशीवर जायचं.”

सासूचा, कस्तुराबाईंचा हा आवाज तनुजाला ऐकू आला तो भलत्याच वेळी. ती तेव्हा अंथरुणावर नव्हती. वाशीमला जाणाऱ्या रस्त्यावरच्या फाट्यावर, सकाळच्या एसटीच्या पहिल्या पायरीवर तिचा उजवा पाय होता आणि डावा अजून खाली मुरमावरच होता. वर जायचं म्हणून तिने दांडा धरला, अंगाचा भार उजव्या पायावर घेतला, आणि मांडी कमरेला जिथे जोडलेली असते तिथे, आत, कुणी बिजागरी उलटी फिरवावी तशी कळ निघाली. ओरडावं इतकी मोठी नव्हती. बारीक होती, नेमकी होती, आणि ती येऊन गेल्यावर पाय तिचा राहिला नव्हता. वर जाता येईना, खाली येता येईना. सातवा सरून आठवा लागलेलं पोट दाराच्या मधोमध, पदर दांड्यात अडकलेला, आणि कानाशी तो आवाज. आता इथे कुठे बसू, असं तिच्या मनात आलं. एरवी हसू आलं असतं. तिला घाम फुटला.

“चढा ना वो ताई,” आतून कंडक्टर म्हणाला. “वाशीम का इथीच आणू तुमच्यासाठी?”

“दिसत नाई का रे भाऊ तुले? दोन जिवाची हाय बाई,” मागून एक तरणा आवाज आला, आणि तनुजाच्या कोपराखाली एक हात आला, दुसरा पाठीला लागला. “ताई, तुमी दांडा नका सोडू. मी टेकू देतो. घाई नाई आपल्याले. गाडी त्याची हाय, रस्ता सरकारचा हाय.” त्या हातात जोर होता. तनुजा कशीबशी वर आली, पहिल्याच सीटवर टेकली, आणि मग तिने पाहिलं तर टेकू देणारी पोरगीही पोटुशी. वीस-एकवीसची असेल. पलीकडच्या तांड्यावरची. “अवो, तुमी काहून हात लावला मले? तुमचंबी पोट हाय,” तनुजा घाबरून म्हणाली. पोरगी हसली. “मोळ्या उचलल्या हायेत म्या उसाच्या, शिडीवरून ट्रॉलीत. तुमी तं एका मोळीच्याबी नाई.” तिचं नाव रंजीता. नवरा बादल ऊसतोडीला गेला होता, हिला सहावा म्हणून सासूजवळ, गोमतीबाईजवळ ठेवून गेला होता. तिकीट फाडता फाडता कंडक्टर म्हणाला, “दोघींचं अर्धं अर्धं, आतले दोघं फुकट. चार जणं एका तिकिटात. महामंडळ बुडवता तुमी बाया.” गाडीतल्या बाया हसल्या. रंजीता सगळ्यांत मोठ्याने हसली. इतकं मोकळं हसू नये असं तनुजाला वाटलं. कुणाचं तरी लक्ष जातं.

गाडी सोयाबीन निघून मोकळ्या झालेल्या शेतांतून चालली होती. खड्डा आला की तनुजा दोन्ही हात सीटवर रोवून अंग वर उचलून धरी. तीन आठवडे झाले होते या दुखण्याला. आधी फक्त प्रदक्षिणेच्या वेळी जाणवे. मळ्याच्या बांधावर औदुंबर होता, त्याला रोज एकवीस फेऱ्या. दहाव्या-अकराव्या फेरीला उजव्या खुब्यात काहीतरी घासतंय असं वाटे, मग ती नामाचा आवाज थोडा वाढवी. पुढे मेथीच्या जुड्या बांधताना. उकिडवं बसून दोन तास हात चालत, उठायच्या वेळी पाय आधी जागे होत नसत, आणि जागे झाले की सुऱ्या लागत. मग पोथीच्या वेळी. मांडी घालून तासभर बसायचं, अध्याय संपला की भिंतीला धरून उठायचं. आणि आता सगळ्यांत वाईट म्हणजे कूस बदलणं. रात्रीतून सात-आठ वेळा. प्रत्येक वेळी कोपरावर भार देऊन उठायचं, चटईवर बसायचं, नाव घ्यायचं, आणि पुन्हा दुसऱ्या अंगावर उतरायचं. उतरताना गुडघा गुडघ्यापासून सुटला की ती कळ मांडीच्या आतून बेंबीपर्यंत जाई. नवरा, शिवम, म्हणे, “खाट टाकू का? कायले हाल करून घेतं?” ती मान हलवी. लेकरू मांडीवर येईस्तोवर खाटेवर झोपायचं नाही हा नेम होता, आणि न बसता वळायचं नाही हा नेमाच्याही वरचा नेम होता. पहाटेपर्यंत तिचे डोळे भाजल्यासारखे होत. तिला त्याचं दुःख नव्हतं. दुखतंय म्हणजे आपण जपतोय, असं काहीतरी तिच्या मनाने आपलं आपणच धरून ठेवलं होतं.

“तुले झोप लागते का चांगली?” तिने रंजीताला विचारलं. “मले? मी झोपली की पोतं,” रंजीता म्हणाली. “सासू म्हणते, रातभर गडगड गडगड लोळतं, एक दिवस माह्या अंगावर येशील.” आणि तनुजाच्या तोंडून ते गेलं. विचार करून नव्हे. बुटाची नाडी सुटलेली दिसली की माणूस सांगतो, तितक्या सहज, तितक्याच मायेने. “असं नाई करायचं, बाई. लोळून नाई वळायचं.” मग कारण सांगितलं. कारण सांगितल्यावर पोरगी पुरती पटलेली दिसेना, डोळ्यांत अजून हसू होतं, म्हणून तिने स्वतःचंही सांगितलं. तीन वर्षांपूर्वीचं. आठवा संपत आलेला. मुलगा होता. नाळ गळ्याला होती. “मी लोळली होती त्या राती,” ती म्हणाली. रंजीताच्या चेहऱ्यावरून हसू पुसलं गेलं. कुणी दिवा विझवल्यासारखं एकदम नाही. पाणी मुरमात जिरतं तसं, हळूहळू, आत. “मंग आता?” तिने विचारलं. “मी तं सहा महिने लोळूनच राह्यली. आता पडला असन का येढा?” तनुजा म्हणाली, “देवाचं नाव घे. आजपासून नको करू.” पुढे वाशीमपर्यंत रंजीताने दोन्ही हात पोटावर ठेवले होते आणि खड्ड्यांतसुद्धा ती हलत नव्हती.

दवाखान्यात दोघींचे नंबर वेगळे लागले. रंजीताला आधी रक्ततपासणीला पाठवलं. तनुजाला तपासून झाल्यावर डॉक्टरीणबाईंनी कागदावर काहीतरी लिहून शेवटच्या खोलीत पाठवलं, तिथे निता सिस्टर होत्या. वय झालेल्या, जाड भिंगाच्या, पायात मोजे घालून बसलेल्या. त्यांनी तिला खुर्ची दाखवली. तनुजा उभीच राहिली. “बसा की.” “मी खाली बसतो.” “खाली बसाल तर उठवायला दोन माणसं बोलवावी लागतील मला. बसा.” ती खुर्चीच्या कडेवर टेकली. सिस्टरांनी खुब्यावर, पाठीच्या खालच्या दोन खळग्यांवर, पुढे मध्यभागी हाडावर बोटं दाबली, एका ठिकाणी तिच्या डोळ्यांतून पाणी आलं तेव्हा “हं” म्हणाल्या, आणि विचारलं, “दिवसभर काय काय करता?” तिने हळू आवाजात सांगितलं. पाच वाजता सडा. जुड्या. प्रदक्षिणा. पोथी. चटई. सिस्टर भिंगावरून बघत राहिल्या. “बाई, तुमच्या देवाच्या घरी एकही खुर्ची नाही का?” तनुजाचा चेहरा उतरलेला पाहून त्या लगेच मऊ झाल्या. “अहो, माझाही गुरुवार असतो. मी ओट्याशी उभी राहून वाचते. त्यांनी आजवर तक्रार केली नाही.”

मग त्यांनी समजावलं. दिवस भरत आले की अंगच आपले सांधे सैल करतं, लेकराला वाट हवी म्हणून. सैल झालेल्या सांध्यावर एका पायाचा भार आला की तो असा बोलतो. उकिडवं बसणं बंद. मांडी बंद. पायरी चढताना एक पाय वर ठेवला की दुसरा त्याच पायरीवर आणायचा, मगच पुढची. लुगडं-परकर बसून घालायचं. कोमट पाण्याचा कपडा कमरेला, फार गरम नाही. कुशीवर झोपायचं, दोन गुडघ्यांच्या मध्ये उशी. “आणि वळायचं कसं, तर गुडघे सुटू द्यायचे नाहीत. दोन्ही वाकवून जवळ घ्या, उशी मध्ये दाबून धरा, आणि खांदे, कंबर, गुडघे सगळं एकाच वेळी वळवा. मेथीची जुडी बांधता ना? सुतळी बांधलेली जुडी वळते तशी. काड्या सुट्या होऊ द्यायच्या नाहीत.” “अन् उठून बसून?” तनुजाने विचारलं. “उठून कशाला बसायचं? त्यानेच तर सगळा भार पुन्हा त्याच सांध्यावर येतो. दुप्पट दुखतं. कोणी सांगितलं तुम्हाला?” तनुजाने सांगितलं नाही. नाळेचं मात्र सांगितलं. तीन वर्षांपूर्वीचंही सांगितलं, एसटीतल्याहून कमी शब्दांत, कारण इथे ते सांगताना तिला वेगळीच भीती वाटत होती. सिस्टरांनी भिंगं काढून पुसली. “चारांतलं एखादं लेकरू गळ्यात नाळ घेऊनच बाहेर येतं,” त्या म्हणाल्या. “ते आत फिरतं ना, उड्या मारतं, तेव्हा ती त्याच्या भोवती येते. येते, सुटते, पुन्हा येते. तुम्ही वळल्याने नाही येत. बहुतेकांना काही होतही नाही. तुमच्या त्या बाळाला नाळ होती, हे खरं. नाळेनेच गेलं, हे कोणी तपासलं होतं? नाही ना. कधी कधी कारण सापडतच नाही, बाई.” मग बोट वर करून, “एकच लक्षात ठेवा. हालचाल कमी वाटली, पाणी गेलं, रक्त दिसलं, तर दिवस-रात्र बघायची नाही, देवाला विचारत बसायचं नाही. सरळ इकडे.”

कारण सापडतच नाही. तनुजा व्हरांड्यातून चालत होती, सिस्टरांनी सांगितल्याप्रमाणे लहान लहान पावलं टाकत, आणि ते तीन शब्द तिच्याबरोबर चालत होते. सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. तीन वर्षं छातीवर ठेवलेला दगड कुणीतरी उचलला होता, पण दगड उचलल्यावर खाली छाती नव्हतीच, नुसती पोकळी होती. आपण लोळलो म्हणून गेलं, यात एक आधार होता. यंदा न लोळता ती पोटातल्याला राखू शकत होती. रात्री सात-आठ वेळा उठून ती जे करत होती ते काम होतं, पहारा होता, त्याला मोल होतं. तिचा दोष नव्हता असं म्हटलं तर पहाऱ्यालाही अर्थ नव्हता. मग तो कधीही जाऊ शकतो. ती सरळ झोपली असताना, पोथी वाचत असताना, आता, या व्हरांड्यात. तिने भिंतीला हात लावला. आणि त्यापेक्षाही एक विचित्र गोष्ट तिच्या ध्यानात येत होती, ती म्हणजे त्या रात्रीची आठवणच धड लागत नव्हती. गोधडीचा खसखस आवाज, गारठलेल्या बांगड्या, डावीकडून उजवीकडे सरकलेला देह, हे सारं इतकी वर्षं तिला लख्ख दिसत होतं. पण बांगड्या गार कशा असतील? तो चैत्र होता. उकाड्याने सगळे अंगणात झोपलेले, गोधडी कुठून आली? मग ती वळली होती हे तिला आठवतंय, की वळली असशील असं कुणी म्हणाल्याचं आठवतंय? म्हणाल्याचं मात्र आठवत होतं. त्याला तारीख होती, वास होता. दवाखान्याच्या ओट्यावर फिनेलचा वास, आठ-दहा बाया बसलेल्या, आणि पदराने तोंड पुसत कस्तुराबाई म्हणाल्या होत्या, “लोळली असन हे रातच्याले.” बास. एवढंच. त्यानंतर पुन्हा कधी त्यांनी तो विषय काढला नव्हता, कधी टोमणा मारला नव्हता, उलट चाळीस दिवस तिला गरम पाणी दिलं होतं. पण बायांनी माना हलवल्या होत्या, आणि तनुजा आत, दाराजवळच्या खाटेवर, डोळे मिटून घेऊन, ते मान्य केल्यासारखी गप्प राहिली होती.

शिवमने परतीला ओळखीची रिक्षा पाठवली होती. रिक्षा स्टँडवरून वळली तेव्हा तिला रंजीता दिसली. बाकावर, पाठ ताठ, गुडघे जुळवलेले, दोन्ही हात पोटावर. शेजारी ठेवलेलं केळं तिने सोललंही नव्हतं. सकाळी कंडक्टरला उत्तर देणारी पोरगी ती हीच का, असं वाटावं. थांबवा म्हणायला तनुजाचा ओठ हलला. पण थांबवून काय सांगणार होती? मी सांगितलं ते खोटं? तिला स्वतःला अजून ते खोटं वाटत नव्हतं. रिक्षा पुढे गेली. मागे वळून बघायला कंबर देईना. मळ्यापर्यंत तिला एकच दिसत राहिलं, की आज रात्री तांड्यावर एक धडधाकट पोरगी कोपरावर भार देऊन उठेल, बसेल, पुन्हा उतरेल, पुन्हा उठेल. तिचा खुबा आज दुखत नाही. महिन्याने दुखेल. आणि उद्या देव न करो, काही झालं, तर तीही कुठल्या तरी खोलीत डोळे मिटून गप्प राहील, आणि त्या गप्प राहण्याला तनुजाचं नाव असेल. एका चुलीतला विस्तव पळीवर घेऊन दुसऱ्या घरी द्यावा तसं तिने ते नेऊन दिलं होतं, आणि वर पुण्य केल्यासारखं वाटून घेतलं होतं.

दुपारी जेवणानंतर आतल्या घरात कुणी नव्हतं. शिवम मळ्यात पाणी धरायला गेला होता, कस्तुराबाई पुढच्या ओसरीत जुड्या बांधत होत्या. तनुजाने देवापुढे उभ्यानेच हात जोडले. “उद्या तांड्यावर जाऊन त्या पोरीले सांगतो,” ती पुटपुटली. “सांगतो की भेव नको धरू.” बोलून गेल्यावर तिच्या ध्यानात आलं. देवाला दिलेला शब्द होता, आणि ज्या गोष्टीवर स्वतःचा विश्वास बसला नव्हता ती दुसरीला पटवायचा शब्द होता. म्हणजे आधी स्वतः करून पाहायला हवं. तिने चटई पसरली, डाव्या कुशीवर झाली, गुडघ्यांच्या मध्ये उशी घेतली. उशी घेताच खुब्यातला ताण ढिला पडला, इतका पटकन की तिला अपराधी वाटलं. ती बराच वेळ तशीच पडून राहिली. भिंतीवर उन्हाचा एक चौकोन होता, तो कणाकणाने सरकत होता. आता वळ, ती स्वतःला म्हणाली. वळली नाही. कूस म्हणजे काय, तर इकडून तिकडे दीड हात जागा, आणि त्या दीड हातात एक अख्खं लेकरू मावलं होतं. बरोबर आठव्याच्या शेवटी. याही वेळी आठवा आहे. सिस्टरचं लेकरू नाही गेलं, सिस्टरला बोलायला काय. पण सिस्टरने काही हातचं राखून सांगितलं नव्हतं. तिने गुडघे जवळ ओढले. उशी दाबली. सुतळी बांधलेली जुडी. डोळे मिटले, आणि खांदे, कंबर, गुडघे एकदम फिरवले.

दुखलं नाही. थोडं ओढल्यासारखं झालं, बास. ती उजव्या कुशीवर होती आणि मध्ये उठून बसली नव्हती. तिने डोळे उघडले नाहीत. पोटावर हात ठेवला आणि वाट बघायला लागली. आत शांत होतं. जेवणानंतर तो नेहमी झोपतो, हे तिला ठाऊक होतं. तरी ती मोजत राहिली, श्वास मोजत, शंभर, मग दोनशे. ओसरीत सुतळी ओढल्याचा आवाज येत होता, तुटल्याचा येत होता. तीनशे. काय केलंस तू, असं तिच्या आतून कुणीतरी म्हणायला लागलं, आणि तो आवाज कस्तुराबाईंचा नव्हता, तिचा स्वतःचा होता, हे तिला पहिल्यांदाच कळलं. इतकी वर्षं ती दुसऱ्याचा समजत होती. चारशे. पायाला मुंग्या आल्या. आता रिक्षा बोलवावी, आता शिवमला हाक मारावी, म्हणून तिने तोंड उघडलं आणि बरगडीखाली डावीकडून एक लाथ बसली. मग दुसरी, चिडल्यासारखी, झोपमोड झालेल्या माणसासारखी. तनुजाच्या घशातून जो आवाज निघाला तो तिला ओळखता आला नाही.

“काय झालं व?” दारात कस्तुराबाई उभ्या होत्या, हातात अर्धी बांधलेली जुडी. त्यांनी चटई पाहिली, उशी पाहिली, सुनेचं तोंड कोणत्या भिंतीकडे आहे ते पाहिलं. “उठून बसली नाईस तू,” त्या म्हणाल्या.

“नाई, आत्याबाई.”

“काहून?”

तनुजाने सांगितलं. सिस्टर काय म्हणाल्या ते सगळं, चारांतलं एक, कारण सापडत नाही तेसुद्धा. आवाज चढला नाही, तिचा कधी चढत नसे. आणि मग, तशाच आवाजात, भिंतीकडे बघत तिने विचारलं, “त्या दिवशी ओट्यावर तुमी म्हणाल्या, मी लोळली असन म्हणून. तुमी पायलं होतं का?” ओसरीतल्या मेथीवर पाणी मारलेलं होतं, त्याचा ओला वास आत आला. कस्तुराबाई उंबऱ्यावर बसल्या. बसायला त्यांना वेळ लागला, एक गुडघा, मग दुसरा. “मी कायले पाहीन?” त्या म्हणाल्या. “मी तं त्या राती रिसोडले होती, भाचीच्या हळदीले. सकाळी फोन आला तवा आली.” त्या सुतळीची गाठ सोडू लागल्या, जी नुकतीच बांधली होती. “साऱ्या बाया माह्या तोंडाकडे पाहून राह्यल्या होत्या. काहून गेलं वो, काहून गेलं वो. मले काय ठाऊक? पण सासू होती मी. काहीतरी सांगाच लागत होतं. माह्या सासूनं मले जे सांगतलं होतं तेच तोंडात आलं. मी तुहं नाव सांगून देल्लं.”

राग येईल असं तनुजाला वाटलं होतं. ती वाट बघत होती रागाची, मघाशी लाथेची बघितली तशी.

“तुले लागलं असन,” कस्तुराबाई म्हणाल्या. जुडी सुटून मेथी त्यांच्या मांडीवर पडली होती. “मले वाटलं, तू इसरली. कधी काही बोललीच नाई. तू बोलत नाईस न कधी, मंग माणसाले वाटते सारं बरंच हाय.”

“मी नाई इसरली. मी आज ते दुसरीले देऊन आली.” आणि तिने एसटीतलं सांगितलं. रंजीता, बादल, सहावा महिना, बाकावरचं केळं. “कोनाची सून म्हणतं?” “गोमतीबाईची.” “गोमती?” कस्तुराबाईंच्या आवाजात एकदम नेहमीची धार आली. “थे? जी एका जुडीवर दोन काड्या जास्तीच्या ओढून नेते थे? तिच्या घरी जायचं म्हणतं तू?” “देवापुढे कबूल केलं मी. उद्या जातो म्हणून.” “अन् जाशील कशी? दीड कोस वाट हाय, अर्धी नाल्यातून. आज एसटी चढता नाई आली तुले.” तनुजाला हेही ठाऊक होतं. देवाला शब्द देताना तिने खुब्याला विचारलं नव्हतं. कस्तुराबाई मांडीवरची मेथी गोळा करून, उंबऱ्याला धरून उठल्या आणि ओसरीत गेल्या. बराच वेळ सुतळीचा आवाज आला नाही.

त्या रात्री ती चार वेळा वळली. प्रत्येक वेळी मोजलं. एकदा साठापर्यंत, एकदा अडीचशेपर्यंत. भीती गेली नव्हती. ती आता खुब्यात नव्हती इतकंच, मोकळी होऊन अंगभर फिरत होती, आणि तिला कुठे बसवावं ते तनुजाला कळत नव्हतं. पहाटेकडे मात्र गाढ झोप लागली, इतकी की पाच वाजल्याचं कळलं नाही. ती धडपडून उठली तेव्हा सडा पडलेला होता. जुड्या बांधून शिवम बाजाराला गेला होता. देवघरापुढे भाजीचं रिकामं कॅरेट पालथं घातलेलं होतं, त्यावर चौघडी केलेली गोधडी, आणि समोर पोथी, आजच्या अध्यायात दोरा घातलेली. तनुजा त्याच्याकडे बघत उभी राहिली. देवासमोर उंच बसायचं तिच्या अंगाला पटत नव्हतं. ती आधी टेकली, मग नीट बसली. दिव्याची ज्योत आता तिच्या छातीच्या खाली होती आणि मूर्ती नेहमीपेक्षा लहान दिसत होती, जवळही.

वाचता वाचता तिला अंगणात पावलं ऐकू आली. खिडकीतून दिसलं, कस्तुराबाई धुतलेलं लुगडं नेसून, डोक्यावर पदर घेऊन निघाल्या होत्या. बांधापलीकडच्या रामीबाईने हटकलं, “कुठी वो सकाळी सकाळी? टोपलं नाई, काही नाई. लग्न हाय का कोनाचं?”

“येतो जाऊन,” कस्तुराबाई म्हणाल्या.

“अवो पण कुठी?”

“गोमतीकडे.”

“तिच्याकडे? भांडाले?”

कस्तुराबाई चालू लागल्या. फाट्याशी त्या क्षणभर थांबल्या, रस्त्याच्या दोन्ही अंगांना पाहिलं आणि रस्ता ओलांडून नाल्याच्या वाटेला लागल्या. चालताना त्यांचे ओठ हलत होते. तो जप नव्हता, गोमतीच्या दारात काय सांगायचं ते त्या घोकत होत्या. नाल्याच्या उतारावर त्यांनी लुगड्याचा घोळ वर धरला, गुडघ्यावर हात ठेवला, आणि एक पाऊल खाली टाकून, दुसरं त्याच्या शेजारी आणून, मग पुढचं टाकलं.